दादाच्या गाडीचे स्टिअरिंग

एखाद्या संस्थेचा कारभार कोणाच्या हाती गेला की आपण मराठीत म्हणतो, त्याने सुकाणू हाती घेतले. शब्द नावेचा आहे, आणि समुद्राच्या काठाने वाढलेल्या आपल्या समाजाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र हा शब्द लेखणीतच राहिला. ‘सुकाणूचक्र’ असे आपण लिहू शकतो. पण गॅरेजमध्ये जाऊन तसे म्हटले, तर मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून आपल्या तोंडाकडे पाहत राहील. तेथे ते ‘स्टिअरिंग’ असते, आणि घाईच्या वेळी त्याचे ‘इस्टेरिंग’ही होते.

आज लिहायचे आहे ते या एका वस्तूविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. जुन्या मोटारीचे स्टिअरिंग बदलणे हे तासा-दीड तासाचे काम. त्यावर त्रैमासिकाची पाने कशाला खर्च करायची, असे कोणी म्हणेल. परंतु वाचकहो, ज्या प्रश्नावरून आज अनेक घरांत वडीलधारी माणसे आणि त्यांची कर्ती मुले यांच्यात अबोला धरला जातो, तो प्रश्न आमच्या घरी या चाकाच्या निमित्ताने उभा राहिला. वय झालेल्या माणसाच्या हातून गाडी काढून घ्यावी का, आणि घ्यायची तर ते कोणी ठरवायचे?

माझा थोरला भाऊ माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. आयुष्यभर त्याने शाळेत गणित शिकवले आणि सकाळ-संध्याकाळ केळीची वाडी सांभाळली. १९८९ साली त्याने एक जुनी प्रीमिअर पद्मिनी घेतली. गाडी १९८४ सालची. रंग दुधाळ, आरशाला जपमाळ, आणि गिअरचा दांडा खाली जमिनीवर नव्हे, तर स्टिअरिंगच्या कॉलमलाच. ही गाडी मूळची इटलीची. फियाट कंपनीच्या ‘अकराशे’ मोटारीचे हे भारतीय रूप कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई, आणि १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. त्या काळी आपल्या देशात मोटार म्हटली की ही नाही तर अ‍ॅम्बॅसॅडर, एवढीच काय ती निवड होती. २००० सालाच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. दादाची गाडी चालत राहिली.

त्या गाडीने आमच्या घरची तीन लग्ने पाहिली, वडिलांना रात्री अडीच वाजता रुग्णालयात पोहोचवले आणि माझ्या दीक्षाविधीला वऱ्हाड नेले. मीही गाडी शिकलो ती याच स्टिअरिंगवर. दादा शेजारी बसून एवढेच सांगे, “चाक आवळू नकोस. धर, पण आवळू नकोस.” गणिताच्या मास्तरांनी दिलेला हा धडा मला पुढे चर्चच्या कामातही बरा उपयोगी पडला.

मोटारीला चाकासारखे स्टिअरिंग असावे हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते, की त्याला पर्याय असेल अशी कल्पनाही मनात येत नाही. पण स्टिअरिंग हे मोटारीपेक्षा वयाने लहान आहे. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत वळण घेण्यासाठी दांडा होता, नावेच्या सुकाणूला असतो तशाच जातीचा. १८९४ साली पॅरिस ते रुआन अशी मोटारींची स्पर्धा झाली. तीत आल्फ्रेड वाशरों या फ्रेंच गृहस्थाने आपल्या पानार मोटारीला दांड्याऐवजी चक्र बसवले होते. दांडा थोडा हलला तरी मोटार एकदम वळते. चक्र मात्र हाताच्या मोठ्या फिरण्याचे रूपांतर चाकांच्या लहानशा वळण्यात करते. वेग वाढू लागला तशी ही सबुरी आवश्यक ठरली, आणि पुढच्या काही वर्षांत दांडा मागे पडला.

तर दादाच्या गाडीचे चाक. आत पोलादी सांगाडा आणि त्यावर कठीण प्लास्टिकचे आवरण, अशी त्याची घडण. जवळजवळ चाळीस वर्षांचे ऊन, हाताचा घाम आणि आमच्याकडची खारी हवा यांनी त्या आवरणाला जागोजागी तडे गेले होते. ज्या जागी मधले दांडे कडेच्या वर्तुळाला मिळतात, तेथे तर भेग एवढी रुंदावली होती की तीत बोटाची कातडी चिमटली जाई. वहिनींनी तेथे जुन्या साडीची पट्टी गुंडाळून ठेवली होती.

२०२३ च्या नाताळनंतर मी चार दिवस घरी गेलो, तेव्हा घरातले वातावरण जड होते. दादा एकाहत्तर वर्षांचा झालेला. गाडी सरळ रस्त्यावर डावी-उजवीकडे भरकटते, समोरून बस आली की काळजात धस्स होते, असे पुतण्याचे म्हणणे. दादाच्या बोटांना संधिवात आहे. हिवाळ्याच्या सकाळी त्याला सदऱ्याची गुंडीसुद्धा लवकर लावता येत नाही. तेव्हा मुलांनी दोन आणि दोन चार केले होते. बाबांच्या हातात आता जोर राहिला नाही, गाडी विकून टाकावी. हे दादाच्या समोर कोणी स्पष्ट बोलले नव्हते. पण किल्ली एकदोनदा जागेवरून नाहीशी झाली होती, आणि दादाने ती कोणाला न विचारता शोधून काढली होती. घरात असे काही घडू लागले की माणसे एकमेकांशी फक्त जेवणाविषयी बोलतात. आमच्या घरी तसेच चालले होते.

पुतण्या मनाचा चांगला आहे. वडिलांचा मान राखून काही मार्ग निघावा म्हणून त्याने एक तोडगा आणला होता. गाडी विकायची नसेल तर निदान ते फुटके स्टिअरिंग बदलू या. शर्यतीच्या गाड्यांना शोभेल असे एक छोटे, काळेभोर, तीन दांड्यांचे चाक त्याने पाहून ठेवले होते. दादाने ते चित्र पाहिले, चष्मा काढला आणि पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. “आपल्या चाकाचा व्यास चाळीस सेंटिमीटर धर. तुझ्या चाकाचा पस्तीस. गाडी वळवायला लागणारा पीळ तोच राहणार. मग हाताला जोर किती लागेल? चाळीस भागिले पस्तीस. म्हणजे आताच्यापेक्षा चौदा टक्के जास्त. माझी बोटे दुखतात म्हणून तू मला जास्त ओझे देतोस होय?”

गणित बिनचूक होते. ज्या मोटारीत पॉवर स्टिअरिंग नाही, तीत चाकाचा मोठा व्यास म्हणजेच माणसाची मदत. जुन्या मोटारींची चाके मोठी दिसतात ती हौसेने नव्हे. तरफेचा जो नियम आपण शाळेत शिकतो, त्याच नियमाने ती मोठी केलेली असतात. अमेरिकेत १९५१ साली क्रायस्लर कंपनीने विक्रीच्या मोटारीत पॉवर स्टिअरिंग आणले आणि मग हळूहळू सर्वत्र चाके लहान होण्याची मोकळीक मिळाली. दादाच्या पद्मिनीला ती मदत नव्हती. तिच्यात जे काही बळ होते ते चाकाच्या आकाराचे आणि दादाच्या दंडाचे.

या आकडेमोडीने एक चांगली गोष्ट झाली. दुखणाऱ्या बोटांचा विषय, जो इतके दिवस पाठीमागे चालला होता, तो दादाच्याच तोंडून उघड्यावर आला. दुसऱ्या दिवशी मी, दादा आणि पुतण्या असे तिघे मिळून मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने फुटक्या चाकाकडे पाहिलेच नाही. इंजिन बंद ठेवून, पुढची चाके सरळ ठेवून त्याने स्टिअरिंग दोन बोटांनी हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवले आणि पुतण्याला खाली वाकून टायरकडे पाहायला सांगितले. स्टिअरिंग चार बोटे फिरले तरी टायर जागचा हलत नव्हता. “फादर, हा प्ले बघा,” तो म्हणाला. मग गाडी जॅकवर चढवून तो खाली शिरला. स्टिअरिंगच्या कॉलमच्या टोकाला दातेरी पेटी असते. त्या पेटीपासून टायरपर्यंत लोखंडी दांड्यांची एक साखळी जाते आणि प्रत्येक जोडापाशी, आपल्या खांद्याला असतो तसा, वाटीत गोळा बसवलेला सांधा असतो. त्यांपैकी टाय रॉडचे दोन सांधे झिजून खिळखिळे झाले होते. त्यांचे रबर फाटून आतले ग्रीस केव्हाच वाळून गेले होते.

गाडीखालून बाहेर येऊन त्याने हात पुसले आणि म्हणाला, “हिला कोणीही चालवली तरी ती भरकटणारच. मास्तरांनी इतके दिवस सरळ ठेवली, हेच पुष्कळ.”

पुतण्या काही बोलला नाही. त्याने वडिलांकडे पाहिले. दादा मात्र त्या झिजलेल्या सांध्याकडेच पाहत होता. तो हातात घेऊन त्याने हलवून पाहिला आणि मिस्त्रीला विचारले, “केवढ्याला?”

सांधे त्याच दिवशी बदलले. चाकाला मात्र वेळ लागला. जुन्या मोटारीला दुसरे स्टिअरिंग सहजासहजी बसत नाही. कॉलमच्या टोकाला बारीक उभ्या खाचा असतात आणि चाकाच्या मध्यभागी त्यांना जुळणारे दाते. खाचांची संख्या आणि जाडी तंतोतंत जुळली तरच चाक बसते. जुळत नसलेले चाक ठोकून बसवणे म्हणजे रस्त्यावर ते हातात येण्याची सोय करून ठेवणे. म्हणून चाक पद्मिनीचेच हवे होते, आणि पद्मिनीचे सुटे भाग दुकानात मिळण्याचे दिवस सरले होते. मिस्त्रीने ते कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणले. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा शेवट त्याच सुमारास झाला होता. शहरात टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. अशाच एका मोडीत काढलेल्या टॅक्सीचे हे चाक होते. त्याला तडा नव्हता. असंख्य उतारूंना घरी पोहोचवून ते आता आमच्या वसईला आले होते.

चाक बसवण्याआधी दादाच्या बोटांचा विचार झाला. संधिवाताच्या माणसाला बारीक कडा धरण्यासाठी मूठ अधिक आवळावी लागते, आणि दुखणे त्या आवळण्यातच असते. कड थोडी जाड केली की बोटे अर्धी उघडी ठेवूनही पकड राहते. बाजारात मिळणारे ओढून चढवण्याचे कव्हर मिस्त्रीने नाकारले, कारण ते सैल असले तर नेमके वळणावर हाताखाली फिरते. सीटची कव्हरे शिवणाऱ्या कारागिराकडून त्याने कडेभोवती पातळ अस्तर आणि त्यावर चामडे घट्ट शिवून घेतले. व्यास पहिलाच राहिला, जाडी मात्र हाताला मानवेल एवढी झाली.

आणि मग ते तासाभराचे काम. मी शेजारी स्टुलावर बसून ते पाहिले. आधी पुढची चाके सरळ. मग बॅटरीची वायर सुटी, म्हणजे हॉर्नच्या जोडणीत ठिणगी नको. मधले हॉर्नचे बटण आणि त्याखालची स्प्रिंग निघाली की कॉलमच्या टोकावरचा मोठा नट दिसतो. नट ढिला करण्याआधी मिस्त्रीने कॉलम आणि चाक या दोहोंवर एका रेषेत खडूची खूण केली. खारी हवा नटापर्यंतही पोहोचली होती. त्याने गंज सुटण्याचे तेल सोडले आणि चहा मागवला. चहा संपल्यावर नट फिरला, परंतु त्याने तो पूर्ण काढला नाही. दोन-तीन आट्यांवर तसाच राहू दिला. कारण विचारले तर म्हणाला, “चाक अडकले असले की जोर लावतो आपण. एकदम सुटले तर सरळ तोंडावर येते. नट असला की तिथेच थांबते.” हातोडा त्याने घेतलाच नाही. खालून ठोकल्याने कॉलमला आणि त्याच्या बेअरिंगला इजा होते. तीन बोटांचा पुलर लावून, मधला स्क्रू हळूहळू पिळत त्याने चाक वर ओढले. ‘टक्’ असा एक आवाज झाला आणि चाळीस वर्षांचे ते जोडलेपण सुटले.

नवे चाक बसवताना पुन्हा तीच खूण. एक दाता जरी चुकला तरी गाडी सरळ जाते, पण चाक तिरके दिसते. चालवणाऱ्याच्या मनात सतत एक किंतु राहतो. नट आवळला, स्प्रिंग, बटण, बॅटरी, आणि दादाने हॉर्न वाजवून पाहिला. गॅरेजबाहेर झोपलेले कुत्रे उठून गेले.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे, कारण आपल्या घरांतील अनेक तरुण स्वतःच्या हाताने गाडीची कामे करतात, आणि ते कौतुकाचेच आहे. हा सारा विधी जुन्या, साध्या मोटारीचा. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली. ती स्टिअरिंगच्या पोटातच असते. त्या पिशवीमागे स्फोटक द्रव्य असते, आणि बॅटरी सुटी केल्यावरही काही काळ यंत्रणेत वीज शिल्लक राहते. तेथे घरचा पाना चालवू नये. ते काम प्रशिक्षित माणसाचे. उलट, जुन्या मोटारीत अपघाताच्या वेळी छातीपुढे फक्त तो कडक कॉलम असतो. धक्क्याने दुमडणारा कॉलम अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नियमाने आवश्यक झाला, पण त्याआधी आखलेल्या मोटारींत तो नव्हता. म्हणून जुनी मोटार चालवणाऱ्याने चाकापासून छाती शक्य तितकी दूर ठेवावी, पट्टा बांधावा, आणि वेगाचा मोह त्या मोटारीत तरी टाळावा.

गॅरेजमधून परत येताना दादा चालवत होता. दोन वाड्यांमधल्या त्या अरुंद रस्त्याने गाडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली. मागच्या सीटवरून पुतण्या म्हणाला, “बाबा, आता सरळ जाते.” दादा म्हणाला, “गाडी सरळ जाते. मी पहिलाच आहे.”

या वाक्यात राग नव्हता. पण ते माझ्या मनात राहिले. धर्मग्रामात काम करताना मी किती घरांत हे पाहतो! म्हाताऱ्या आईला ऐकू येत नाही म्हणून घरचे तिला काही सांगायचे सोडून देतात. कोणी कान तपासत नाही, तेव्हा दोष केवळ साठलेल्या मळाचा असतो. आजोबा चालताना अडखळतात म्हणून त्यांचे बाहेर जाणे बंद होते, आणि चष्म्याचा नंबर पाच वर्षांत कोणी पाहिलेला नसतो. वय हे एक फार सोयीचे उत्तर आहे. ते दिले की पुढे वाकून गाडीखाली पाहण्याचे कष्ट वाचतात. त्या मिस्त्रीने माणसाच्या वयाचा विचार करण्याआधी सांधे तपासले. एवढी न्यायबुद्धी आपण आपल्या माणसांना दिली तरी पुष्कळ होईल.

याचा अर्थ वय हे काहीच नसते असे मात्र नव्हे. दादाची बोटे खरोखरीच दुखतात, आणि टाय रॉड बदलल्याने संधिवात जात नाही. कायद्यालाही हे ठाऊक आहे. पंचावन्न वर्षे उलटली की वाहन चालवण्याचा परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि प्रत्येक नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. मीही आता त्याच रांगेत आहे. खासगी मोटारीलाही पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी योग्यतेची तपासणी द्यावी लागते. माणूस आणि मोटार यांच्यासाठी सरकारने पाच वर्षांचेच माप ठरवले, याची दादाला गंमत वाटते.

त्या संध्याकाळी जेवताना दादानेच आपले नियम सांगितले. सूर्य मावळल्यावर चालवायचे नाही. महामार्गावर जायचे नाही. बोटे सुजलेली असतील त्या दिवशी किल्लीला हात लावायचा नाही. परवान्याचे पुढचे नूतनीकरण २०२७ मध्ये. त्या वेळी डॉक्टरांच्या आधी पुतण्याने शेजारी बसून पाहावे आणि खरे काय ते तोंडावर सांगावे. पाठीमागे नको. पुतण्याने मान डोलावली. वहिनींनी दोघांच्याही ताटात भात वाढला, आणि कितीतरी दिवसांनी त्या टेबलावर जेवणाव्यतिरिक्त दुसरे काही बोलले गेले.

फुटके चाक मिस्त्रीकडेच राहिले. आठवण म्हणून घरी आणावे असे मी सुचवले होते. दादा म्हणाला, “त्याचा मधला भाग चांगला आहे. दुसऱ्या कोणाच्या पद्मिनीला उपयोगी पडेल.” तेव्हापासून रविवारी सकाळच्या मिस्साला तो वहिनींना घेऊन त्याच गाडीने येतो. हात चाकावर असतात, पण आवळलेले नसतात.